एक टोला, तीन वेळा

फ्रान्समध्ये ही घड्याळं शेकोटीवरच्या दगडी फळीवर ठेवायची. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत शेकोटी कुठली? आमचं घड्याळ राहिलं ते आजीच्या शिसवी कपाटाच्या माथ्यावर, पापड-कुरडयांच्या डब्यांशेजारी. आबा फोर्टातल्या एका पारशी पेढीत हिशेबनीस होते. मालकांनी कुलाब्याचा बंगला मोडला, तेव्हा हे घड्याळ त्यांनी आबांच्या हवाली केलं. काळं कुळकुळीत, दर्शनी बाजूला चार खांब, आणि एकट्यादुकट्याला उचलवू नये इतकं जड.

तासाला तासाइतके टोले आणि अर्ध्या तासाला एक, असा त्याचा शिरस्ता. म्हणजे साडेबाराला एक, एकला एक आणि दीडलाही एकच. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चाळीतला पहिला फटाका आपणच लावायचा म्हणून आम्ही भावंडं टक्क जागी असायचो. कपाटावरून एक टोला यायचा. ‘किती वाजले रे?’ धाकटा कुजबुजायचा. पुढच्या टोल्यावर कान लावून बसावं, तर तोही एकच. त्यापुढचाही एकच! दोन पडले की कुठे जीव भांड्यात पडायचा. मग चारच्या टोल्यांना आजी उठायची, बंबात ढलप्या सरकवायची आणि घरभर धुराचा न् उटण्याचा वास भरायचा.

चावी द्यायचा मान आबांचा, दर रविवारी, आंघोळ झाल्यावर. तबकडीवरच्या दोन भोकांपैकी एक चालीचं, दुसरं टोल्यांचं. किल्लीला दुसरं बारीक टोकही होतं. ते बाराच्या आकड्यावरच्या इवल्या भोकात घालून आबा किंचित फिरवायचे, नि घड्याळ मागे-पुढे होत असेल तर ताळ्यावर यायचं. ही करामत पॅरिसच्या ब्रोको घराण्याची. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला लटकतो, तिची मोकळी लांबी त्या भोकातून कमी-जास्त होते. घड्याळ उघडायची, लंबकाला हात लावायची गरजच नाही. आबांना ब्रोको हे नाव ठाऊक नव्हतं, पण हात नेमका होता.

चाळ सुटली, आम्ही डोंबिवलीला आलो आणि सामानाच्या त्या धांदलीत लंबक हरवला. बाबांनी कुठूनसा दुसरा लावला. तेव्हापासून घड्याळ मागे पडू लागलं. काटे पाच दाखवत आणि टोले आठ पडत. पुढे ते थांबलंच. बाबांच्या पश्चात माझ्याकडे आलं, तेव्हा दगडही राखाडी पडला होता.

भेंडीबाजाराकडे एक म्हातारे बोहरी घड्याळजी आहेत. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी तबकडीकडे पाहिलंसुद्धा नाही. घड्याळ फिरवलं, मागचे दोन स्क्रू काढले आणि सगळं यंत्र पुढच्या बाजूने अलगद ओढून घेतलं. आमच्या घरात तीन पिढ्या हे घड्याळ नेपोलियनच्या काळातलं होतं. त्याची खरी हकिकत मात्र पाठीवरच्या गोल पितळी पत्र्यावर होती. तिथे ठसा होता : एस. मार्ती आणि कंपनी, ब्राँझ पदक. मार्तींना १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात रौप्यपदक मिळालं आणि १९०० मध्ये सुवर्ण. नवं पदक मिळालं की ठशातही ते यायचं. तेव्हा आमचं यंत्र १८८९ च्या आधीचं. पुढे चाचांनी स्प्रिंग डबीतून सोडवली, तर तिच्या बाहेरच्या टोकाला सुईने कोरलेलं साल निघालं, १८८२. स्प्रिंग करणाऱ्या कारागिराने ते तिथे घातलं होतं. डबी बंद झाली की कुणालाही दिसू नये अशा जागी! मला तर भरून आलं.

पत्र्याच्या तळाशी ‘४ ६’ असे दोन सुटे आकडे होते. ती लंबकाची लांबी, ४ पूस ६ लीन्य. पूस म्हणजे जुना फ्रेंच इंच, साधारण २७ मिलिमीटरचा, आणि त्याचा बारावा हिस्सा लीन्य. फ्रान्समध्ये १८४० पासून मेट्रिक मापं सक्तीची झाली, पण पॅरिसच्या घड्याळवाल्यांनी लंबकापुरता जुना इंच सोडला नाही. हिशेब केला तर सुमारे १२.२ सेंटिमीटर. बाबांनी लावलेला लंबक याहून चांगलाच लांब होता, म्हणूनच घड्याळ मागे पडे. बाराच्या वरचं भोक कितीही फिरवलं तरी एवढी तूट भरून निघणारी नव्हती.

टोल्यांचं कोडं त्याहून देखणं. मागे एक चाक आहे, कडेला खाचा पाडलेलं. दोन खाचांमधलं अंतर वाढत जातं तसे टोलेही वाढत जातात. ते चाक बारा तासांत एक फेरा पुरा करतं, पण काट्यांशी त्याचं देणंघेणं नसतं. टोल्यांची स्प्रिंग आधी उतरली, की काटे पुढे आणि टोले मागे. चाचांनी बोटाने अडणी उचलून टोले एकेक करून पुढे नेले आणि काट्यांना आणून मिळवले.

बाकीचं काम सावकाश झालं. वाळून डिंक झालेलं तेल निघालं. झिजलेल्या भोकांना बुश मारले. मापाचा जुना लंबक मोडीच्या ढिगातून मिळाला. दात्यांना तेल लावायचं नाही, फक्त आसांच्या टोकांना, तेही थेंबभर. आमचा ‘काळा संगमरवर’ हा बेल्जियमचा काळा चुनखडक निघाला. त्यावर मधमाश्यांचं मेण चोळलं आणि काळेपणा परतला. पितळी कड्या मी झगझगीत करायला निघालो, तर चाचा म्हणाले, ‘‘उसको रगडने का नहीं, बेटा.’’ त्यांचं ऐकलं हे फार बरं झालं. त्या कड्यांवर माझ्या आधीच्या किती हातांचा वावर आहे!

पत्र्याच्या आतल्या अंगाला खरवडलेली बारीक अक्षरं होती. एक खूण रोमन आद्याक्षरांची, दुसरी गुजरातीत, खाली १९३१. घड्याळ उघडून दुरुस्त करणाऱ्याने आपली नोंद तिथे करायची, अशी रीतच होती. चाचांनी काही खरवडलं नाही. मीच एका चिठ्ठीवर दुरुस्तीचं साल, लंबकाचं माप आणि बुश कुठे कुठे मारले ते लिहून ती पेटीत ठेवली, पुढे जो उघडेल त्याच्यासाठी. चावी आता दर रविवारी माझी मुलगी देते. बाराच्या वरच्या भोकाचं काम अजून माझ्याकडेच आहे.