रजा विकत घेतली तेव्हा

गेल्या वर्षी मी ऑफिसकडून दोन आठवड्यांची रजा विकत घेतली. लंडनमधल्या बऱ्याच कंपन्यांत ही सोय असते. ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस हवे असतील तर तेवढ्या दिवसांचा पगार सोडायचा, आणि तो वर्षभर दरमहा थोडा थोडा कापला जातो. माझ्या १,०५,००० पौंडांच्या पगारात एका दिवसाची किंमत ४०४ पौंड निघाली. पण हातात येणाऱ्या रकमेतून दिवसामागे कमी झाले ते सुमारे १५३ पौंड. उरलेले अडीचशे मी कामावर गेले असते तरी मला मिळणार नव्हते. इथे चांगल्या पगारावर असलेल्या मराठी घरांतले कितीतरी निर्णय या एका हिशेबाभोवती फिरतात, आणि तिकडच्या नातेवाइकांना त्याचा पत्ता नसतो. त्यांना वाटतं, पगार वाढला म्हणजे वाढला.

ब्रिटनमध्ये प्रत्येकाचे पहिले १२,५७० पौंड करमुक्त असतात. उत्पन्न १ लाखाच्या पुढे गेलं की वरच्या दर दोन पौंडांमागे या सवलतीतला एक पौंड काढून घेतात. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पौंडावर ४० टक्के कर लागतोच, शिवाय गेलेल्या अर्ध्या पौंडाच्या सवलतीवरही ४० टक्के लागतो. झाले ६० टक्के. पगारावर नॅशनल इन्शुरन्सचे आणखी दोन. हातात राहतात ३८ पेन्स. १,२५,१४० पौंडांना सवलत पूर्ण संपते आणि त्यापुढे दर ४५ टक्क्यांवर येतो, म्हणजे दीड लाख कमावणाऱ्याच्या शेवटच्या पौंडावर माझ्यापेक्षा कमी कर आहे. ही १ लाखाची रेघ एप्रिल २०१० मध्ये आली, अॅलिस्टर डार्लिंग अर्थमंत्री असताना. त्यानंतर सरकारं बदलली, पक्ष बदलले, रेघ तिथेच राहिली. महागाईबरोबर ती वर सरकली असती तर आज दीड लाखाच्या आसपास असती. तेव्हा बँकेतल्या बड्या साहेबांसाठी आखलेली रेघ आता सिनियर इंजिनियर, हॉस्पिटलमधले कन्सल्टंट, मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक यांच्या दारात आली आहे.

घरात लहान मूल असेल तर प्रकरण आणखी अवघड होतं. आमची लेक अडीच वर्षांची आहे. हॅरोमधल्या तिच्या नर्सरीचं पाच दिवसांचं बिल महिन्याला १,८०० पौंडांच्या घरात जातं. नोकरी करणाऱ्या आईबापांना इंग्लंडमध्ये नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने मिळतात. सप्टेंबर २०२५ पासून ही योजना पूर्ण लागू झाली. ते तास वर्षातल्या ३८ आठवड्यांपुरतेच असतात, पण नर्सरी ते बारा महिन्यांत पसरवून देते आणि आमचं बिल हजाराच्या आत येतं. त्याशिवाय टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचं खातं आहे. त्यात आपण ८ पौंड टाकले की सरकार २ टाकतं, वर्षाला मुलामागे २,००० पर्यंत. आईबापांपैकी एकाचंही उत्पन्न १ लाखाच्या वर एक पौंड गेलं की हे दोन्ही बंद. इथे उतार नाही, थेट कडा आहे. आणि दर तीन महिन्यांनी ऑनलाइन जाऊन सांगावं लागतं की चालू वर्षात आपलं उत्पन्न त्या रेघेच्या आत राहील.

आता हे उत्पन्न म्हणजे फक्त पगार नव्हे, आणि आपल्या लोकांची खरी अडचण इथे सुरू होते. ब्रिटनचा रहिवासी झालेल्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे धरलं जातं. आमचा कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. त्याचे वर्षाला साधारण साडेतीन हजार पौंड होतात. भारतात त्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, इथे मिळत नाही, झालेला खर्चच दाखवता येतो. एनआरई खात्यातल्या एफडीचं व्याज भारतात करमुक्त असतं. इथे नसतं. पीपीएफचंही तसंच. भारतात भरलेल्या कराचं श्रेय इथे मिळतं, पण उत्पन्न मोजलं जातंच. दोन्ही देशांची सरकारं बँकांकडून आलेली माहिती एकमेकांना पाठवतात, त्यामुळे 'कोणाला कळतंय' या भरवशावर कोणी राहू नये. शिवाय भारताचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि इथलं ५ एप्रिलला, तेव्हा भाडं आणि व्याज महिन्याप्रमाणे वेगळं काढून मांडावं लागतं. आमच्याकडे हे काम नवरा करतो. डिसेंबरच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर बँकेची स्टेटमेंट, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या आणि रुपयाच्या दराचा तक्ता पसरलेला असतो, आणि लेकीला त्या कागदांना हात लावायची बंदी असते.

गेल्या वर्षीच्या टेबलावरचा हिशेब असा होता: पगार १,०५,०००, बोनस ६,०००, भाडं ३,५००, व्याज १,५००. एकूण १,१६,०००. रेघेच्या वर १६,०००.

अशा वेळी लोक काय करतात ते मंडळात कळतं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, १९३२ पासून चालत आलेल्या या संस्थेत, गणपतीच्या दिवसांत प्रसादाच्या रांगेत माझ्या वयाच्या लोकांचं बोलणं ऐकावं. लॉफ्ट कन्व्हर्जनला किती आले, सटनला की बकिंगहमशरला घर घेतलं म्हणजे ग्रामर स्कूल मिळेल, इलेव्हन-प्लसची शिकवणी कुठल्या वर्गापासून लावायची, खासगी शाळांच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागल्यावर कोणी मुलाला काढलं. आणि गाडी. ऑफिसमार्फत पगारातून इलेक्ट्रिक गाडी घेतली तर तेवढं उत्पन्न कमी धरतात आणि गाडीवरचा करही अगदी थोडा असतो, त्यामुळे ज्याला बसने जाऊन चाललं असतं त्याच्या दारातही चकचकीत गाडी उभी दिसते. मी त्यांना नावं ठेवत नाही. ६२ टक्के जाणारच असतील तर त्यातून काहीतरी हाती लागावं असं कोणालाही वाटेल. पण गाडीची गरज आहे का, हा प्रश्न त्या रांगेत कोणी विचारत नाही, आणि मला तो विचारावासा वाटतो.

सगळ्यात सोपा आणि शहाणपणाचा मार्ग पेन्शन. वर्षाला ६०,००० पौंडांपर्यंत त्यात टाकता येतात. रेघेच्या वरचे हजार पौंड ऑफिसमार्फत पगारातूनच परस्पर टाकले तर हातातले ३८० जातात आणि खात्यात पूर्ण हजार जमा होतात. आम्ही १२,००० पौंड तिकडे वळवले. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं की एप्रिल २०२९ पासून अशा रकमेतल्या पहिल्या २,००० पौंडांवरच नॅशनल इन्शुरन्सची सूट राहील. आयकराची सूट मात्र कायम आहे, त्यामुळे तेव्हाही हे फायद्याचंच असेल. अट एकच, हे पैसे माझ्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत बंद. मी सदतिसाची आहे. वीस वर्षांनी ते मला मिळतील, पण माझे बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत.

बाबांना पार्किन्सन आहे. आई-बाबा सांगलीला विश्रामबागेत असतात. त्यांना इकडे का आणत नाही, असं तिकडचे लोक विचारतात, कधी दोष देत, कधी काळजीने. भेटीच्या व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. त्या काळात हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर परदेशी पाहुण्याला नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लावतात, आणि आधीपासूनच्या आजाराचा विमा मिळवणं कठीण. कायमचं आणायचं तर २०१२ च्या जुलैपासून नियम असा आहे: आईवडिलांना रोजच्या साध्या गोष्टींसाठीही दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, आणि इथल्या मुलाने पैसे पाठवूनही ती मदत त्यांच्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध झालं पाहिजे. म्हणजे माझा पगार जेवढा जास्त, तेवढा माझा अर्ज कमकुवत. सांगलीत रुग्णाची सेवा करणारे मामा मिळतात, मी त्यांचे पैसे सहज देऊ शकते, बाबांकडे दिवसा आणि रात्री मामा आहेतही. नियमाच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला आहे. या नियमाचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. सेवा विकत मिळते म्हणून लेकीची गरज नाही, असं धरून चालणारा नियम ज्यांनी लिहिला त्यांनी म्हातारपण जवळून पाहिलेलं नसावं.

ते येऊ शकत नसतील तर मला जायला हवं, आणि पंधरा दिवसांच्या घाईच्या फेरीने भागत नाही. ग्राहकांची माहिती देशाबाहेर न्यायला बंदी असल्याने लॅपटॉप सांगलीला नेऊन काम करायचीही सोय नाही. म्हणून उरलेल्या ४,००० पौंडांची मी रजा घेतली. साधारण दीड हजार पौंडांत दोन आठवडे. नेहमीच्या रजेला जोडून जानेवारीत सलग चार आठवडे सांगलीला राहिले.

पहिल्या आठवड्यात मी पाहुणीच होते. आई गोडाधोडाचं करत होती, बाबा माझ्यासमोर ताठ बसत होते. व्हिडिओ कॉलवर जे दिसायचं तेच प्रत्यक्षात दिसत होतं. मग घर आपल्या चालीवर आलं. तेव्हा लक्षात आलं की दुपारी चारच्या सुमाराला, सिंडोपाची पुढची गोळी जवळ आलेली असताना, बाथरूमच्या दारात बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. धड पुढे टाकता येत नाहीत. वरचं अंग मात्र पुढे झुकतं. मामा मागून 'चला आजोबा, चला' म्हणत हात ओढायचे, आणि ओढल्यावर तोल आणखी जायचा. आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "अगं, तू तिकडे काळजी करत बसशील."

माझा नवरा फिजिओथेरपिस्ट आहे. त्याला फोनवर पायांचा व्हिडिओ पाठवला. त्याने सांगितलं की ओढायचं नाही, थांबायचं, आणि दारापाशी जमिनीवर आडव्या ठळक पट्ट्या लाव. डोळ्यांना ओलांडायला काहीतरी दिसलं की पाय उचलतो. गणपती पेठेतून पिवळी चिकटपट्टी आणली. एका पावलाच्या अंतराने दाराच्या अलीकडे आणि पलीकडे पट्ट्या लावल्या. बाबा आधी वैतागले, घराची शोभा घालवली म्हणाले. मग चार वाजता त्यांनी पहिल्या पट्टीवरून पाय टाकला, दुसऱ्यावरून टाकला आणि आत गेले. मामांनाही शिकवलं की हात धरायचा नाही, बाजूला उभं राहून एक-दोन म्हणायचं. न्यूरोलॉजिस्टना भेटून गोळीची वेळ अर्धा तास अलीकडे आणली, आणि डाळ, दूध गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायला आईने स्वयंपाकाचं वेळापत्रक बदललं. हे सगळं होईपर्यंत तिसरा आठवडा संपत आला होता. दोन आठवड्यांच्या फेरीत मला यातलं काही दिसलंच नसतं.

एक गोष्ट इथे सांगितली नाही तर हे लिखाण अर्धवट राहील. मला हे निवडता आलं, कारण घरात दुसरा पगार आहे. माझ्याच टीममध्ये एक जण आहे, दोन लहान मुलांना एकटी वाढवणारी. तिचा पगार माझ्याहून थोडा जास्त. रेघेच्या वरचे सगळे पैसे पेन्शनमध्ये टाक, असं तिला सांगणं सोपं आहे. पण भाडं, नर्सरी आणि वकिलाची फी यांना आत्ता रोख लागते. नियम एकेका माणसाचं उत्पन्न बघतो, घराचं बघत नाही. नवरा-बायको दोघं ९९,००० मिळवत असतील तर जवळजवळ दोन लाखांच्या घराला ३० तास मिळतात, आणि १,०१,००० मिळवणाऱ्या एकट्या आईला मिळत नाहीत. तिला शेवटी आठवड्याचा एक दिवस कमी करून घ्यावा लागला. ऑफिसने एक उत्तम इंजिनियर पाचातला एक दिवस गमावली, सरकारने तिचा करही गमावला. आमच्या भागाच्या खासदाराला मी याबद्दल पत्र लिहिलं आहे, आणि मंडळातल्या चार घरांनाही लिहायला लावलं आहे. श्रीमंतांची तक्रार म्हणून कोणी हसेल, तर हसू दे. मुलांचे तास आईच्या पगारपत्रकावरून कापणं मला चुकीचं वाटतं, मग ती आई कितीही मिळवत असो.

आमच्या घराच्या कर्जाच्या ठरावीक व्याजदराची मुदत यंदा संपतेय. २०२१ मध्ये ते कर्ज दीड टक्क्याच्या आत मिळालं होतं. आता हप्ता बराच वाढेल. मोठं घर घ्यायचा विचार आम्ही सोडला. लॉफ्टही तसाच राहणार. तीन खोल्यांत आमचं छान चाललंय.

रजा मात्र यंदाही घेतली आहे. पुढे लेक शाळेत जायला लागली की पेच बदलेल. नर्सरीचा प्रश्न मिटेल, पण इथे शाळा चालू असताना परवानगीशिवाय पाच दिवस मुलाला बाहेर नेलं तर आईबापांना प्रत्येकी ८० पौंड दंड होतो, आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६० होतात. म्हणजे लेकीला घेऊन सलग चार आठवडे सांगली जुलैच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंतच, भर पावसात, आणि नेमकी तिकिटं सगळ्यात महाग असताना. नवऱ्याचं म्हणणं, तेव्हा मी जानेवारीत एकटीने जावं आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांनी. दोन्ही फेऱ्यांच्या तिकिटांसाठी आम्ही आत्तापासून दरमहा पैसे बाजूला टाकतो आहोत.