तिरकी शिवण

दादरच्या हिंदमाता परिसरात आमचे तयार कपड्यांचे लहानसे दुकान आहे. गेल्या पर्युषणाआधी लालबागचे एक वृद्ध गृहस्थ नातवासाठी नेलेला टी-शर्ट घेऊन परत आले. दीडशे रुपयांचा तो टी-शर्ट दुसऱ्याच धुण्यात लांबीने आटला होता आणि बगलेखालची शिवण फिरून पोटावर आली होती.

‘‘शेठ, धुतल्यावर आटणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात,’’ एवढेच ते बोलले.

मी तसे म्हणालो होतो, हे खरे. म्हणताना मला त्या मालाविषयी काही ठाऊक नव्हते, हेही खरे.

काका गिरणीत साचे चालवीत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात त्यांचे काम गेले ते कायमचे. बोटे मात्र कापड विसरली नव्हती. मी त्यांना बसवून चहा दिला आणि माल कसा पारखायचा, ते विचारले.

‘‘आमचं कापड ताण्याबाण्याचं, हे नुसत्या टाक्यांचं. म्हणून ताणतं आणि फिरतंही,’’ असे म्हणत त्यांनी टी-शर्ट उभा दुमडला. बाजूची शिवण टाक्यांच्या उभ्या रेघेबरोबर सरळ उतरली पाहिजे. गळपट्टी ताणून सोडली की पूर्ववत मिटली पाहिजे. खांद्याच्या शिवणीला आतून पट्टी हवी. कापड उजेडाकडे धरल्यास विरळ दिसू नये. तिरुपूरचा माल घेताना चौरस मीटरला 180 ग्रॅम वजन मागावे, हे मला माहीत होते. पण ते मी कधी तपासले नव्हते.

हिशेबही सोपा होता. दीडशेचा टी-शर्ट सहा महिने टिकला तर वर्षाला तीनशे पडतात. तीनशेचा दोन वर्षे चालला तर दीडशेच. ज्याने वस्त्रांची संख्या मर्यादित ठेवण्याचे परिग्रह-परिमाण घेतले आहे, त्याला तर टिकाऊपणाच तारतो.

परंतु मला बोचत होते ते निराळेच. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक-व्यवहार’ सांगितला आहे: हलका माल चांगला म्हणून देणे. हे सूत्र मी लहानपणी पाठशाळेत पाठ केले होते. गल्ल्यावर बसल्यावर ते आठवले नाही.

काकांनी तीनशेचा टी-शर्ट पारखून घेतला. वरचे दीडशे घ्यायला मी नकार दिला, तर त्यांनी ते मोजून गल्ल्यावर ठेवले. मी हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. त्यांनी अर्थ विचारला नाही. हात मात्र जोडले. पायरी उतरताना म्हणाले, ‘‘उरलेला गठ्ठा आता कोणाला देणार?’’

त्या गठ्ठ्यात चाळीस नग होते. दुसऱ्या दिवशी त्यावर पाटी लावली: ‘धुतल्यावर आटतो. निम्मी किंमत.’ त्यात तोटा झाला, पण माल खपला. त्यातला एकही नग परत आला नाही.