मधलं पेडल

रविवारी बोनेट उघडताना आईला म्हटलं, अकरापर्यंत आवरतो. जुन्या मारुती ८००च्या क्रँकशाफ्टचं पुढचं ऑइल सील गळत होतं, फरशीवर रोज रुपयाएवढा काळा डाग. टायमिंग बेल्ट उतरवला, मधला बोल्ट पान्यावर हातोडीचा एक ठोका बसताच सुटला, सील बदललं. मी शेफारलो.

घोडं अडलं बोल्ट परत आवळताना. आता ठोका चालत नाही, टॉर्क रेंचला सलग जोर हवा. आणि जोर लावला की बोल्टाबरोबर क्रँकशाफ्टच फिरे. बेल्ट उतरवलेला असताना तो असा फिरू देणं बरं नव्हे, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला भिडायची भीती. फ्लायव्हीलच्या दातात स्क्रू-ड्रायव्हर अडकवता येतो म्हणतात, पण दात तुटला तर गिअरबॉक्स उतरवायचा कोणी?

मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. टॉपच का, तर पहिल्यात इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाताना कितीतरी पट वाढतो, ब्रेकला तो आवरत नाही. टॉपमध्ये कमी वाढतो. हँडब्रेक करकचून ओढला, रेंच दाबला, आणि स्टँडवर उचललेली पुढची चाकं निवांत फिरली. हँडब्रेक मागच्या चाकांना, इंजिन पुढच्या चाकांना. इतकी वर्षं ही गाडी चालवून हे मला त्या दिवशी कळलं!

"आई, जरा गाडीत बसून ब्रेक दाब."

"यात तीन आहेत रे."

"मधलं."

तिनं दाबलं. रेंच गर्रकन फिरला आणि माझी बोटं रेडिएटरवर सोलवटली. आईनं क्लच दाबला होता. इंजिन चाकांपासून सुटंच.

"मधलं, आई!"

"हळू बोल. पिठलं घोटताना पातेलं सांडशीनं मीच धरते ना? इथं काय धरायचंय ते नीट सांग."

सांगितलं. तिनं चप्पल काढली, दोन्ही पाय मधल्यावर ठेवले. रेंच आधी थोडा सैल गेला, गिअरांमधली ढील संपली, इंजिन रबरी माउंटिंगवर कलल्यासारखं झालं आणि मग कुठं बोल्ट हाताला लागला. टक्.

टायमिंगची खूण अर्थात सरकली होती. गिअर न्यूट्रल करून पुली हातानं हळूच फिरवली, खूण जुळवली, बेल्ट चढवला, ताण बघितला. पाऊण वाजला होता. डोकं वर केलं तर आई अजून ब्रेक दाबूनच बसलेली.