छातीचा फोटो क्लीन, मग दम का लागतोय?

दोन मिलिमीटर! शिरोली एमआयडीसीत हे माप दिवसभर कानावर पडतं. कास्टिंगवर मशिनिंगसाठी अलाउन्स सोडतात तो साधारण तेवढाच. पण आपल्या छातीत दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक अशा हजारो श्वासनळ्या आहेत, त्या एकेक करून बुजत गेल्या तरी माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, हे मला नुकतंच कळलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. चहाच्या टपरीवर सांगतोय, शिफ्ट सुटताना गेटवर सांगतोय. आता लिहूनच काढतो.

निमित्त झालं कोअर शॉपमधल्या एका मामांचं. बिडीला कधी हात लावला नाही, पैलवानी बांधा, आणि सँड प्लांटचा जिना चढताना मध्येच थांबायला लागले. "फोटो क्लीन हाय म्हणत्यात. मग दम का लागतोय, ते कोण सांगंना," एवढंच त्यांचं म्हणणं. पंप घेऊन झाला, फरक नाही. त्यांच्याबरोबर मी कोल्हापुरात छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी खोकल्याचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "मामा, रोज नाकासमोर काय असतं ते सांगा." वाळू, रेझिन, कोअर भाजल्याचा वास, सगळं लिहून घेतलं. मग सीटी स्कॅन सांगितला, पण दोनदा काढायचा: एकदा छाती भरून श्वास घेऊन आणि एकदा पूर्ण सोडून.

ते दोन फोटो शेजारीशेजारी लावले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. श्वास घेतलेल्या फोटोत सगळं ठाकठीक. सोडलेल्या फोटोत मात्र फुप्फुसावर ठिगळं! निरोगी भागातली हवा बाहेर गेली म्हणून तो करडा झालेला आणि मध्ये मध्ये काळे तुकडे, जिथली हवा आत अडकून बसली होती. आत जाते, बाहेर येत नाही. नळी स्वतः इतकी बारीक की ती स्कॅनमध्ये दिसतच नाही. दिसते ती तिनं अडवून ठेवलेली हवा. न दिसणारी गोष्ट पकडायची ही केवढी सुंदर युक्ती!

मग मी वाचत सुटलो. स्वित्झर्लंडचे एवाल्ड वायबेल यांनी १९६३ मध्ये माणसाच्या श्वासनलिकेचं मोजमाप मांडलं. तिला एकामागून एक तेवीस वेळा फाटे फुटतात. फाटा बारीक होत जातो, पण संख्या इतकी वाढते की सगळ्यांची मिळून जागा अफाट होते. त्यामुळे निरोगी फुप्फुसात हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात या बारीक नळ्यांचा वाटा जेमतेम एक दशांश. फाउंड्रीवाल्याला हे पटकन उमजेल. मोल्डला भरपूर व्हेंट मारलेले असले तर चारदोन बुजले तरी गॅस दुसरीकडून निघून जातो, कास्टिंग चांगलंच येतं. ब्लोहोल दिसायला लागतात तेव्हा बरेच व्हेंट बुजलेले असतात. १९६८ मध्ये हॉग, मॅकलेम आणि थर्लबेक यांनी श्वासमार्ग अडवणाऱ्या जुनाट आजाराची, म्हणजे सीओपीडीची, फुप्फुसं तपासून दाखवलं की खरा अडथळा याच बारीक नळ्यांत असतो. दोनच वर्षांनी जेरी मीड यांनी या भागाला फुप्फुसाचा 'शांत प्रदेश' म्हटलं. फोटो क्लीन का येतो, याचं उत्तर मिळालं की नाही?

या नळ्यांचा एक दुर्मिळ आणि वाईट आजार म्हणजे ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. नळीच्या भिंतीत व्रण होतो, तो भरताना आवळतो आणि नळी कायमची बंद होते. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका डॉक्टरांच्या लक्षात आलं की या आजारासारखी लक्षणं असलेल्या आठ रुग्णांनी एकाच कारखान्यात काम केलंय. कारखाना कसला, तर मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या पॉपकॉर्नचा! लोण्याच्या वासासाठी घालायचे त्या डायअ‍ॅसिटिलची वाफ कामगारांच्या छातीत जात होती. तपासणीत तिथल्या कामगारांमध्ये श्वासमार्गाचा अडथळा अपेक्षेच्या ३.३ पट निघाला, आणि कधीच सिगारेट न ओढलेल्यांमध्ये तब्बल १०.८ पट. नेमका हाच मुद्दा पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला होता. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, आणि त्याची कारणं चुलीच्या धुरात आणि कामाच्या धुळीत आहेत. आमचे मामा बिडी ओढत नव्हते, हे विसरू नका.

इराकहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची गोष्ट तर याहून थक्क करणारी. पळताना दम लागतो म्हणून ८० जण नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. त्यातल्या बऱ्याच जणांनी २००३ साली गंधकाच्या खाणीला लागलेल्या आगीचा धूर घेतलेला. स्कॅन आणि फुंकायची टेस्ट (स्पायरोमेट्री) बहुतेकांची नॉर्मल. तरी डॉक्टरांनी रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवला, ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला आणि ३८ जणांत आवळलेल्या नळ्या सापडल्या! २०११ मध्ये हे छापून आलं. मशीन नॉर्मल म्हणतंय म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

आता आपल्याकडचं. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात मिथाइल आयसोसायनेट सुटला, हे सगळ्यांना माहीत आहे. परळच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या चमूनं गॅसपीडितांची फुप्फुसं तपासून १९८५ मध्येच निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा केला, हे मला माहीत नव्हतं. आणि यापुढचं वाचून तर मी खुर्चीवरून उठलोच. आपल्या कोल्ड बॉक्स कोअरच्या बाइंडरमधला दुसरा पार्ट आयसोसायनेटच असतो! तो एमडीआय, भोपाळच्या वायूच्या मानानं जड, सहज न उडणारा. त्याच्यामुळे दमा होऊ शकतो हे पक्कं माहीत आहे. पण स्वीडनमध्ये हॉट बॉक्स कोअर वापरणाऱ्या फाउंड्रीजची हवा तपासली तेव्हा रेझिन तापल्यावर मिथाइल आयसोसायनेटही अगदी अल्प प्रमाणात निघताना सापडला. घाबरायचं कारण नाही. पण एक्झॉस्ट फॅन बंद ठेवायचंही कारण नाही.

धुळीचं तर वेगळं सांगायलाच नको. सिलिकोसिस फेटलिंगवाल्यांना ऐकून ठाऊक असतो. पण कॅनडाचे अँड्र्यू चर्ग आणि जोआन राइट यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की खनिज धूळ बारीक श्वासनळ्यांच्या भिंतीतही बसते आणि त्यांना जाड करते.

मग यातून माणूस बरा होतो का? खरं सांगायचं तर आवळून बंद झालेली नळी पुन्हा उघडत नाही. स्टेरॉइडचा फारसा उपयोग होत नाही, काही पॉपकॉर्न कामगारांची नावं फुप्फुस बदलण्याच्या यादीत गेली. पण वेळीच त्या वाफेपासून दूर केलेल्या अनेकांची घसरण थांबली. सगळा खेळ लवकर ओळखण्याचा आहे.

आणि जपानची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही! तिथं १९६९ मध्ये याच बारीक नळ्यांच्या दुसऱ्या एका आजाराला नाव मिळालं, डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस. जुनं सायनस, सतत कफ, शेवटी फुप्फुस निकामी. १९७० च्या दशकात निदानानंतर पाच वर्षं जगणारे साधारण ६३ टक्के. मग शोजी कुदोह यांच्या पाहण्यात एक रुग्ण आला. दवाखाना चालवणाऱ्या एका साध्या डॉक्टरनं त्याला एरिथ्रोमायसिन कमी डोसमध्ये, पण खूप दिवस दिलेलं आणि तो चक्क सुधारलेला! कुदोह यांनी ते सोडून दिलं नाही. तेच औषध पद्धतशीर देऊन पाहिलं. १९८५ नंतर निदान झालेल्यांत पाच वर्षं जगणारे ९१ टक्के झाले. त्याहून नवल म्हणजे ज्या जंतूवर हे औषध चालत नाही, तो कफात असलेले रुग्णही सुधारले, कारण औषध जंतू मारत नव्हतं, सूज उतरवत होतं. जुनं, स्वस्त औषध! मात्र ते त्या आजाराचं आहे, प्रत्येक धापेचं नाही. मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका.

मामांना आता पॅटर्न स्टोअरला काम दिलंय, तपासण्या चालू आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही फाउंड्रीत असाल तर फुंकायच्या टेस्टचे जुने कागद फेकू नका. आज आलेला आकडा नॉर्मल असला तरी तुमच्याच तीन वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघायला सांगा. सिलिकोसिस आणि आयसोसायनेटची बाधा हे दोन्ही कायद्यानं कळवणं बंधनकारक केलेले आजार आहेत, हेही ध्यानात असू द्या. आणि दम लागतोय म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा रेझिनच्या ड्रमवरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. त्यांनी विचारायची वाट बघू नका, आधी तो दाखवा.