पाणी स्थिर आहे

खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, वाहतूक, वीज-पाणी आणि प्रशासनाकडून आलेल्या आपत्तीच्या सूचना मात्र देता येतात. म्हणजे पंचगंगेचा पूर आमच्या नियमांत बातमी नव्हेच; नळाला पाणी कधी येणार, त्याच रांगेतली ती माहिती. कोल्हापुरात निवेदक म्हणून मी बरीच वर्षं काढली आणि ही माहिती तशाच सुरात वाचली. दोन गाण्यांच्या मध्ये, मागे संगीत चालू ठेवून. "राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट, इशारा पातळी गाठली. ४३ ला धोका पातळी. काळजी घ्या, ऐकत राहा!" क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं.

कोल्हापूरकराला फूट-इंच कळत नाहीत असं नाही. पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर तेच बोलणं असतं. पण फोन करणारा विचारायचा ते वेगळंच. सुतारवाड्यात शिरलं का? जामदार क्लबापाशी कुठवर आलंय? व्हीनस कॉर्नरवरून गाडी जाईल का? मी आकडा सांगून मोकळा व्हायचो. तो आकडा गल्लीपर्यंत नेऊन पोचवणं हे आपलं काम आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात आणि एकेकातून १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत येतं. त्याला कुणाची सही लागत नाही, कुणाची वेळ बघावी लागत नाही. ते पाणी प्रयाग चिखलीच्या संगमावरून शहरापाशी पोचायला काही तास जातात. पुराच्या काळात रेडिओची जी काय किंमत आहे, ती या काही तासांत आहे.

त्या आठवड्यात एके दिवशी सकाळपासून पातळी हलली नव्हती. दुपारच्या निवेदनांसाठी मी एकच वाक्य रेकॉर्ड करून ठेवलं, "पंचगंगेची पाणी पातळी सध्या स्थिर आहे," आणि जेवायला गेलो. जेवण लांबलं. फोन चार्जिंगला होता. दरवाजे उघडल्याचा निरोप त्या फोनवर येऊन पडला आणि इकडे माझाच आवाज, चांगला प्रसन्न, दर तासाला पाणी स्थिर असल्याचं सांगत राहिला. संध्याकाळीही एकदा लागला. वाक्य रेकॉर्ड केलं तेव्हा ते खरं होतं. 'सध्या' म्हणजे किती वाजता, एवढंच मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "दादा, तुमी पाणी थांबलंय म्हणालासा. म्हणून आमी निम्म्याच मूर्ती माळ्यावर चढवल्या. ते कवाचं हुतं?" मी म्हणालो, सकाळचं. पलीकडून "बरं" आलं आणि फोन बंद झाला. शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पाणी ओसरल्यावर मी तिथं गेलो. भिंतीवर माणसाच्या छातीला येईल अशी गाळाची रेघ होती. खालच्या फळीवरच्या शाडूच्या मूर्तींचा चिखल झाला होता. प्लास्टरच्या तेवढ्या उभ्या होत्या, पण रंग उतरून पांढरे डाग पडलेले. घरातली बाई साचे नळीखाली धूत होती. चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि मूर्तींची आगाऊ रक्कम लोकांनी कधीच देऊन ठेवली होती. फोन करणाऱ्या मूर्तिकारांची मी माफी मागितली. "तुमी काय नदी अडवणार हुता?" असं ते म्हणाले. माझी चूक नदी न अडवल्याची नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्याच आठवड्यातली दुसरी चूक मी फार उत्साहानं केली. राधानगरी धरण फुटल्याची अफवा फिरत होती. ती मोडून काढायची म्हणून मी माइक उघडला आणि ठणकावून बोललो, "राधानगरी धरण फुटलं, या अफवेवर विश्वास ठेवू नका." थोड्याच वेळात आर. के. नगरातून फोन. तिथं पाणी चढायचं तर सगळं शहर आधी बुडायला हवं. बाई घाबरून विचारत होत्या, "धरण फुटल्याचं रेडिओवर सांगितलं म्हणे?" रेडिओ कुणी पहिल्या शब्दापासून कान देऊन ऐकत नाही. भाकरी थापता थापता ऐकतात, मध्येच लावतात. माझ्या वाक्याचा अर्धाच भाग घराघरांत गेला होता, आणि तो अफवेचा होता. "धरण सुरक्षित आहे, इतके दरवाजे उघडे आहेत," एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. अफवेचं नावही घ्यायची गरज नव्हती.

त्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. उपसा केंद्रं बुडाल्यामुळे शहरभर पाण्याची बोंब झाली. वीज गेलेल्या भागात मोबाइल बंद पडले, तेव्हा लोकांनी माळ्यावरचे जुने ट्रान्झिस्टर काढले. आमच्या धंद्यात याचा अभिमानानं उल्लेख होतो. मला त्यात भीतीचाही भाग दिसतो, कारण त्या घरांत दुसरा आवाजच नव्हता.

जुलै २०२१ ला पुन्हा महापूर आला तेव्हा मी शिकलेलं सगळं लावलं. प्रत्येक निवेदन जिवंत, मागे संगीत नाही. आधी वेळ, मग गल्लीचं नाव, मग काय करायचं ते, आणि शेवटी फूट-इंच. तरीही एका रात्री, लोकांना धीर द्यावा म्हणून, "उद्यापर्यंत उतार पडेल" असं मनानंच बोलून गेलो. ते कुठल्याही निरोपात नव्हतं. उद्या उतार पडला नाही.

एक विनंती आहे. पावसाळ्यात सेलवर चालणारा रेडिओ घरात ठेवा. मोबाइलवर एफएम ऐकणार असाल तर वायरचा इअरफोनही ठेवा, बहुतेक फोनमध्ये ती वायरच अँटेना असते. आणि निवेदकानं पातळी सांगितली पण वेळ सांगितली नाही, तर लगेच फोन करून विचारा, हे कधीचं आहे? फर्माइशीसाठी तुमच्याकडे नंबर असतोच. त्याच नंबरवर विचारा.