वार वाढवत जाताना

मालवणी माणसाने मासे सोडायचे ठरवले, तर निम्मे काम पंचांगाने आधीच करून ठेवलेले असते. सोमवार, गुरुवार, शनिवार. वर संकष्टी, एकादशी. श्रावण तर आख्खा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, तेव्हा बाजारात येते ते बहुतेक बर्फातले. मासेखाऊ म्हणवणारे आम्ही वर्षातले कितीतरी दिवस मुकाट्याने शिवराक जेवतो. मी फक्त वार वाढवत गेलो.

आधी मटण सुटले, मग कोंबडी. दोन्हींचे फारसे काही वाटले नाही. एका वर्षी श्रावण संपला, पण मी तो पुढे चालूच ठेवला. गणपती, पितृपक्ष, नवरात्र अशी निमित्ते मिळत गेली. (गौरीला तिखटा नैवेद्य असणाऱ्या घरांत ही सोय नाही.) "माळ घातलस काय रे?" आईने विचारले. माळ नव्हती, पथ्यही नव्हते. जिवंत कुर्ल्यांचे पाय मोडताना हात थबकू लागला होता, एवढेच.

जीव माशापेक्षा वाटणात अडकला होता, हे मागाहून कळले. ओले खोबरे, बेडगी मिरची, धणे, आमसूल आणि ठेचलेली तिरफळे. बांगड्याच्या तिखल्याचा अर्धा वास तर तिरफळांचाच. खोबऱ्याचे वाटण उन्हाळ्यात ओल्या काजूगरांना लागते, पावसात अळंब्यांना, आणि काळ्या वाटाण्यांना बाराही महिने. त्या वाटाण्यांचे सांबारे आणि गरम आंबोळ्या पुढ्यात आल्या की सुरमईची आठवण यायला सवड होत नाही. कुळथाच्या पिठीबरोबरच्या भाजलेल्या सुक्या बांगड्याला मात्र अजून तोड सापडलेली नाही. पापड चालतो म्हणणाऱ्यांनी तो बांगडा कधी खाल्लेला नसावा.

दारावर 'शुद्ध' लिहून मासे खाणाऱ्याला खोली नाकारतात, त्यांच्यात मला धरू नका. आमच्या घरी शुक्रवारी बांगडे येतात आणि साफ मीच करून देतो. माझ्या ताटात ते नसतात, याची आता चर्चाही होत नाही.

बी-१२ जीवनसत्त्व मात्र भाजीपाल्यातून आणि डाळींतून मिळत नाही. दूध-दही नेमाने घ्या, डॉक्टरांना विचारून रक्त तपासा. आणि मासे सोडायचेच असतील, तर येत्या श्रावणात सुरुवात करा. त्याआधी चांगली वाळलेली तिरफळे घरात आणून ठेवा.