पाव-पाव करून

“वैद्यजी, उद्यापासून चहा बंद. एकदम बंद!” रात्रपाळी संपवून पावरलूमवरून थेट दवाखान्यात आलेला माणूस असं म्हणाला, की मी त्याला आधी बसवतो आणि सांगतो, “दादा, उद्यापासून नको.” त्याला नवल वाटतं. वैद्याने पाठ थोपटावी अशी त्याची अपेक्षा असते.

बुऱ्हाणपुरात मागांचा खडखडाट रात्रीही चालू असतो. कापडाचा ताका उतरला की चहा, वीज गेली की चहा, डोळा लागायला लागला की चहा. दिवसाला दहा-बारा कप पिणारे माझ्याकडे येतात ते छातीतली जळजळ आणि उडालेली झोप घेऊन. मोबाइलवर त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की निश्चय करा, एका दिवसात आयुष्य बदला, पहाटे चारला उठा. खाली आधाराला एखादा संस्कृत श्लोक. याचा मला मनापासून राग येतो. वाग्भटाने ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितलं ते निरोगी माणसाला. रात्रभर मागापुढे उभं राहिलेल्या माणसाला नव्हे. त्याच्याच ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात जागरण घडलेल्यासाठी वेगळी सोय आहे: जितकं जागरण, त्याच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावं. आमच्या कारागिरांचा क्रम नेमका उलटा. पाळी सुटली की पोहे, वर मावा जलेबी, मग भरल्या पोटी दुपारपर्यंत झोप. मी एवढंच म्हणतो, आधी झोपा, मग जेवा. पुष्कळांचं पोट तेवढ्यानेच ताळ्यावर येतं.

चहाचं काम जास्त नाजूक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, सवय सोडण्याची रीत दिली आहे आणि माझ्या मते सगळ्या ग्रंथात रोजच्या जगण्याला याहून उपयोगी जागा थोड्याच असतील. जुनी सवय अहिताची असली तरी शरीराने ती आपलीशी केलेली असते. ती एकाएकी तोडली तर शरीर बिथरतं. म्हणून पाव हिस्सा सोडायचा आणि रिकाम्या जागी पाव हिस्सा हिताचं धरायचं. पुढच्या पायऱ्यांमध्ये एक, दोन, तीन दिवसांचं अंतर वाढवत न्यायचं. दिवसांच्या हिशेबात टीकाकारांचं एकमत नाही, पण घाई करू नये याबद्दल कुणाचंच दुमत नाही. वाग्भट तर पावाच्याही पावाची मुभा देतो. तंबाखूवाल्यांना मी तीच देतो. दारूचं प्रमाण मोठं असेल तर मात्र हा हिशेब घरी करायचा नाही. अशा माणसांना मी इस्पितळातच पाठवतो.

बारा कपांतले कुठले तीन आधी काढायचे, हे ग्रंथ सांगत नाही. ते माणसाच्या तोंडून काढावं लागतं. मी एकेका कपाची चौकशी करतो: कुणाबरोबर घेतला, त्याआधी काय खाल्लं होतं, अर्धा टाकून दिला का? भुकेपोटी घेतलेला कप पहिल्यांदा सुटतो, कारण त्याच्या जागी भाजलेले चणे किंवा भाकरीचा तुकडा चालतो. झोप घालवण्यासाठी घेतलेला त्यानंतर. सोबत्यांबरोबरच्या कपाला मी शेवटपर्यंत हात लावत नाही. दिवसभराच्या आवाजात दोन माणसं एकमेकांशी बोलतात ती तेवढ्याच वेळी.

चरक ज्याला प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धीच्या चुकीने घडलेलं अहित वागणं, म्हणतो, त्यात धी (समज), धृती (संयम) आणि स्मृती (आठवण) या तिन्हींचा बिघाड येतो. या मंडळींची धी शाबूत असते. चहा वाढलाय हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असतं. ऐनवेळी दगा देते ती स्मृती. ताका उतरतो, पोऱ्या कप घेऊन समोर उभा राहतो आणि ठरवलेलं आठवतच नाही. म्हणून धने-जिऱ्याच्या कोमट पाण्याची बाटली पिशवीत न ठेवता मागाशेजारी, हात जाईल तिथे ठेवायला लावतो. मनाला उपदेश करण्यापेक्षा बाटलीची जागा बदलणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

बरेच जण निम्म्यावर येऊन अडतात. तिथे मी त्यांना खुशाल थांबू देतो, आठ-पंधरा दिवससुद्धा. जळजळ थांबली, झोप लागू लागली, की उरलेल्या कपांबद्दल विचारायचंही सोडून देतो.